वर्गांतर ओळखावे कसे?

८९९ ही मूळ संख्या आहे काय? हा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक विद्यार्थी भागाकाराला लागतात. ३ ने भाग जात नाही, ७ ने जात नाही, ११ ने नाही, १३ ने नाही. असे करीत करीत २३ पर्यंत पोचले, की पुष्कळांचा धीर सुटतो आणि 'मूळ संख्या आहे' असे उत्तर वहीत लिहिले जाते. वास्तविक पुढच्याच पायरीवर २९ ही संख्या उभी असते आणि तिने ८९९ ला पूर्ण भाग जातो. पण ८९९ म्हणजे ९०० वजा १, हे ज्याच्या लक्षात येते त्याला एकही भागाकार करावा लागत नाही.

८९९ = ९०० − १ = ३०² − १² = (३० + १)(३० − १) = ३१ × २९

अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र या दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परीक्षेत विचारले, तर दोघेही ते बिनचूक लिहितील. फरक एवढाच, की एकाला ८९९ मध्ये ते दिसले आणि दुसऱ्याला दिसले नाही. सूत्र येणे ही एक गोष्ट झाली आणि ते कोठे लागू पडते हे ओळखता येणे ही दुसरी. या लेखात आपण या दुसऱ्या गोष्टीचा विचार करणार आहोत. दोन वर्गांची वजाबाकी, म्हणजेच वर्गांतर, कधी उघड्यावर असते, कधी जरा आडोशाला असते, तर कधी इतके खोल दडलेले असते की मोठमोठ्या विद्वानांचीही नजर चुकते.

कात्री आणि कागद

प्रथम सूत्र खरे का आहे ते हातांनी पाहू. १० सेंटिमीटर बाजू असलेला कागदाचा एक चौरस घ्या. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून ४ सेंटिमीटर बाजूचा लहान चौरस कापून टाका. उरलेल्या तुकड्याचे क्षेत्रफळ १०० − १६, म्हणजे ८४ चौरस सेंटिमीटर आहे. आता हा तुकडा आडवा कापा, म्हणजे खाली १० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद पट्टी मिळेल आणि वर ६ × ४ चा लहान आयत राहील. हा लहान आयत काटकोनातून फिरवून पट्टीच्या शेजारी लावा. १४ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद असा अखंड आयत तयार होतो. १४ म्हणजे १० + ४ आणि ६ म्हणजे १० − ४. सूत्र तुमच्या पुढ्यात मेजावर पडलेले आहे.

हीच कृती उलट दिशेने बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. यज्ञवेदी रचणाऱ्यांना आयताएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढावा लागे. बौधायनाची रीत अशी : आयताच्या रुंदीएवढा चौरस बाजूला ठेवावा, उरलेल्या भागाचे दोन सारखे तुकडे करावेत आणि त्यांपैकी एक उचलून चौरसाच्या दुसऱ्या बाजूला लावावा. आपल्या १४ × ६ च्या आयतावर ही रीत करून पाहा. ६ × ६ चा चौरस आणि ६ × ४ चे दोन तुकडे मिळतात. ते जुळवल्यावर १० बाजूचा चौरस होतो, मात्र त्याच्या कोपऱ्यात ४ × ४ ची जागा रिकामी राहते. म्हणजे आयत हा दोन चौरसांचे अंतर बनला. तेवढ्या अंतराचा एकच चौरस कसा काढावा, ही कृती बौधायनाने आधीच देऊन ठेवली आहे.

ही उलट दिशा लक्षात ठेवा. गुणाकारातून वर्गांतर मिळते, हीच गोष्ट आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे.

ओळखण्याच्या तीन खुणा

आता बीजगणिताकडे वळू. एखादी राशी वर्गांतर आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. पदे दोनच आहेत काय? दोहोंच्या मध्ये वजा चिन्ह आहे काय? प्रत्येक पद स्वतः पूर्ण वर्ग आहे काय? तिन्ही उत्तरे 'होय' असली, तर काम झाले.

४९क्ष² − २५य² = (७क्ष + ५य)(७क्ष − ५य)

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र जरा थांबावे लागते. सहगुणक आणि घातांक यांना वेगवेगळा नियम आहे. सहगुणक १, ४, ९, १६, २५ असा वर्ग असावा लागतो, पण घातांक फक्त सम असला म्हणजे पुरे. क्ष⁶ हा पूर्ण वर्ग आहे, कारण तो क्ष³ चा वर्ग होय. उलट क्ष⁹ हा पूर्ण वर्ग नाही. '९ ही तर वर्गसंख्या आहे' असे म्हणून पुष्कळ विद्यार्थी क्ष⁹ चे वर्गमूळ क्ष³ लिहून मोकळे होतात. क्ष³ चा वर्ग करून पाहिला, की चूक तात्काळ उघडी पडते.

कधी कधी खुणा दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर एखादा सामाईक अवयव बसलेला असतो. १२क्ष² − ७५ यात १२ हा वर्ग नाही आणि ७५ हाही नाही. पण ३ बाहेर काढला, तर

१२क्ष² − ७५ = ३(४क्ष² − २५) = ३(२क्ष + ५)(२क्ष − ५)

म्हणून सामाईक अवयव आधी काढावा आणि मग वर्ग शोधावेत, असा क्रम ठेवावा.

कधी पदे दोनाहून अधिक असतात, तरी वर्गांतर असतेच. क्ष² + ६क्ष + ९ − य² ही राशी पाहा. चार पदे दिसली, की विद्यार्थी दोन-दोनांच्या जोड्या लावू लागतात आणि अडकतात. येथे तीन आणि एक अशी विभागणी हवी. पहिली तीन पदे मिळून (क्ष + ३)² होतात, आणि मग

(क्ष + ३)² − य² = (क्ष + ३ + य)(क्ष + ३ − य)

सूत्रातील अ आणि ब यांच्या जागी एकेक अक्षरच असले पाहिजे असे मुळीच नाही. तेथे अख्खा कंस बसू शकतो. फक्त वजा चिन्हानंतर कंस सोडताना त्यातील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते, याचे भान ठेवावे.

एकदा अवयव पाडल्यावर पुन्हा एकदा नजर टाकण्याची सवयही चांगली. क्ष⁴ − १६ चे अवयव (क्ष² + ४)(क्ष² − ४) असे लिहून थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे. क्ष² − ४ हे स्वतःच वर्गांतर आहे. पूर्ण उत्तर (क्ष² + ४)(क्ष + २)(क्ष − २) असे येते.

मग क्ष² + ४ चे काय? त्याचे अवयव का पडत नाहीत? याचे कारण सोपे आहे. समजा, त्याचे (क्ष + प)(क्ष + फ) असे अवयव पडले, आणि प व फ या आपल्या नेहमीच्या संख्या आहेत. मग क्ष च्या जागी −प ठेवल्यास पहिला कंस शून्य होईल, म्हणून गुणाकारही शून्य होईल. परंतु कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून क्ष² + ४ ची किंमत कधीही ४ पेक्षा कमी होऊ शकत नाही. ती शून्य होणे अशक्य, म्हणून असे अवयवही अशक्य.

बेरजेच्या पोटात वजाबाकी

दोन वर्गांच्या बेरजेचे अवयव पडत नाहीत, असा कायमचा नियम आता कोणी मनाशी बांधील. त्याने क्ष⁴ + ४ ही राशी पाहावी. हीसुद्धा दोन वर्गांची बेरीज आहे : क्ष² चा वर्ग अधिक २ चा वर्ग. मध्ये वजा चिन्ह कोठेच नाही. तरीही तिचे अवयव पडतात!

(क्ष² + २)² चा विस्तार क्ष⁴ + ४क्ष² + ४ असा आहे. आपल्या राशीत यातले मधले पद नाही. मग ते आपणच मिळवू आणि लगेच वजा करू. किंमत काही बदलणार नाही.

क्ष⁴ + ४ = क्ष⁴ + ४क्ष² + ४ − ४क्ष²
= (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

ही युक्ती सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ स्त्रीच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जन्म १७७६ चा. त्या काळी पॅरिसच्या नामांकित तंत्रविद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता. जर्मेन यांनी तेथील व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवून घरी अभ्यास केला आणि एका पुरुषाच्या नावाने आपली टिपणे लाग्रांज या थोर गणितज्ञाकडे पाठविली.

त्यांच्या सूत्राने एक चमत्कारिक गोष्ट कळते. १ पेक्षा मोठ्या कोणत्याही पूर्ण संख्येचा चौथा घात करून त्यात ४ मिळविल्यास येणारी संख्या कधीच मूळ नसते. उदाहरणार्थ, १० चा चौथा घात अधिक ४ म्हणजे १०,००४. त्याचे अवयव १०० + २० + २ = १२२ आणि १०० − २० + २ = ८२. गुणून खात्री करा. एका ओळीच्या बीजगणिताने अनंत संख्यांविषयी एकदम निकाल दिला!

लीलावतीतील दोन संख्या

वर्गांतराची ओळख पटली, की वर्ग करण्याचे श्रमही वाचतात. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथाच्या 'लीलावती' या भागात असे एक उदाहरण आहे. दोन संख्यांमधील फरक ८ आणि त्यांच्या वर्गांमधील फरक ४००. तर त्या संख्या कोणत्या? (चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखातून या भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती मिळते.)

आजचा विद्यार्थी क्ष आणि क्ष + ८ मानून वर्गाचा विस्तार करील आणि उत्तर काढील. भास्कराचार्यांची रीत त्याहून आखूड आहे. वर्गांतराला फरकाने भागा, बेरीज मिळते : ४०० ÷ ८ = ५०. बेरीज ५० आणि फरक ८, म्हणून संख्या २९ आणि २१. संपले!

याच ग्रंथातील वेळूचे उदाहरण पाहा. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर वेळू किती उंचीवर मोडला? येथे वर्गांतर शब्दांत कोठेच नाही. पण आकृती काढली, की काटकोन त्रिकोण दिसतो, आणि जेथे काटकोन त्रिकोण तेथे वर्गांतर असतेच : कर्णाचा वर्ग वजा एका भुजेचा वर्ग बरोबर दुसऱ्या भुजेचा वर्ग. तिरका तुकडा हा कर्ण आणि उभा तुकडा ही भुजा. त्यांच्या वर्गांतील फरक १६², म्हणजे २५६. त्यांची बेरीज ३२. म्हणून त्यांचा फरक २५६ ÷ ३२ = ८. तुकडे २० आणि १२ हातांचे. वेळू १२ हातांवर मोडला.

प्रत्येक विषम संख्या म्हणजे वर्गांतर

आता बौधायनाच्या उलट दिशेकडे परत येऊ. कोणताही गुणाकार वर्गांतराच्या रूपात लिहिता येतो. दोन अवयवांची सरासरी घ्या आणि त्यांच्या फरकाचे अर्ध घ्या. सरासरीचा वर्ग वजा अर्ध्या फरकाचा वर्ग म्हणजेच तो गुणाकार. संख्या विषम असेल, तर तिचे दोन्ही अवयव विषम असतात, म्हणून त्यांची बेरीज व फरक सम असतात आणि अर्धे करताना अपूर्णांक येत नाहीत. याचा अर्थ असा, की प्रत्येक विषम संख्या दोन पूर्ण वर्गांचे अंतर असते. १३ सारखी मूळ संख्यासुद्धा ७² − ६² आहे, कारण १३ = १३ × १. पण मूळ संख्येला एवढा एकच मार्ग असतो. दुसरा मार्ग सापडला, की संख्या फुटलीच म्हणून समजा.

सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी यावरून अवयव शोधण्याची एक रीत बसविली. फर्मा हे व्यवसायाने कायदेपंडित होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळेचा छंद. १६४३ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्राचा तुकडा उपलब्ध आहे, त्यात त्यांनी २,०२,७६,५१,२८१ या संख्येवर आपली रीत करून दाखविली आहे.

रीत अशी : दिलेल्या संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा आणि त्यातून दिलेली संख्या वजा करा. बाकी पूर्ण वर्ग आली, तर वर्गांतर सापडले. न आली, तर पुढची संख्या घ्या.

या संख्येचे वर्गमूळ ४५,०२९ पेक्षा किंचित अधिक आहे. म्हणून ४५,०३० पासून सुरुवात करू.

४५,०३०² − २,०२,७६,५१,२८१ = ४९,६१९

४९,६१९ हा पूर्ण वर्ग नाही. पुढच्या संख्येसाठी नवा वर्ग करण्याची गरज नाही. लागोपाठच्या दोन संख्यांच्या वर्गांतील फरक हा त्या दोन संख्यांच्या बेरजेइतकाच असतो, कारण तेही एक वर्गांतरच! म्हणून आधीच्या बाकीत ४५,०३० + ४५,०३१ = ९०,०६१ मिळविले, की नवी बाकी तयार. त्यापुढे ९०,०६३, मग ९०,०६५ असे दोनदोनने वाढत जाणारे आकडे मिळवीत जायचे. बाक्या अशा येतात :

४९,६१९; १,३९,६८०; २,२९,७४३; ३,१९,८०८; ४,०९,८७५; ४,९९,९४४; ५,९०,०१५; ६,८०,०८८; ७,७०,१६३; ८,६०,२४०; ९,५०,३१९; १०,४०,४००

यांतील वर्ग कोणता, हे ओळखण्यासाठी प्रत्येकाचे वर्गमूळ काढत बसायचे काय? नाही. पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी २, ३, ७, ८ हे अंक कधीच येत नाहीत. शेवटी ५ असेल, तर वर्ग २५ नेच संपतो. शेवटी शून्य असेल, तर शून्ये दोन असावी लागतात. शेवटी १, ४ किंवा ९ असेल, तर दशक स्थानचा अंक सम असतो. या कसोट्या लावून वरची यादी चाळा. १९, ८०, ४३, ०८, ७५, १५, ८८, ६३, ४० या शेवटांच्या संख्या पाहताक्षणी बाद होतात. ४,९९,९४४ तेवढी कसोटीला उतरते, पण ७०७² = ४,९९,८४९ आणि ७०८² = ५,०१,२६४, म्हणून तीही गेली. बारावी बाकी १०,४०,४०० मात्र १,०२० चा वर्ग आहे. बाराव्या प्रयत्नात वापरलेली संख्या ४५,०४१. म्हणून

२,०२,७६,५१,२८१ = ४५,०४१² − १,०२०² = ४६,०६१ × ४४,०२१

अकरा बेरजांत संख्या फुटली! ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भागत गेलो असतो, तर ४४,०२१ पर्यंत पोचण्यास चार हजारांहून अधिक भागाकार करावे लागले असते.

जेव्हन्स यांचे आव्हान

यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १८७४ मध्ये, विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ व तर्कशास्त्रज्ञाने 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायन्स' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. काही कामे एका दिशेने सोपी आणि उलट दिशेने फार अवघड असतात, हे सांगताना त्यांनी वाचकांना विचारले : कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ८,६१,६४,६०,७९९ येतो? आपल्याखेरीज हे कोणाला कधी कळेल असे वाटत नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

जेव्हन्स यांचा मुद्दा बरोबर होता, पण उदाहरण फसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकन गणितज्ञ डी. एन. लेमर यांनी हे अवयव काढले. पुढे १९९६ मध्ये सॉलोमन गोलोम्ब यांनी दाखवून दिले, की जेव्हन्स यांच्या काळातील साधनांनी, नुसत्या कागद-पेन्सिलीनेही हे काम होण्यासारखे होते. आपण फर्माची रीत लावून पाहू. वर्गमूळ ९२,८२४ च्या जरा पुढे येते. ९२,८२५ पासून सुरुवात केली, तर छप्पन्नाव्या प्रयत्नाला ९२,८८० ही संख्या येते आणि बाकी १,०२,३३,६०१ मिळते. हा ३,१९९ चा वर्ग आहे.

८,६१,६४,६०,७९९ = ९२,८८०² − ३,१९९² = ९६,०७९ × ८९,६८१

छप्पन्न पायऱ्या! एखाद्या चिकाटीच्या विद्यार्थ्याचे एका दुपारचे काम. संख्या मोठी होती हे खरे, पण तिचे दोन अवयव एकमेकांच्या फार जवळ होते. त्यामुळे ती एका मोठ्या वर्गाच्या अगदी शेजारी उभी होती आणि ते शेजारपण कोणी पाहिले नाही.

आजची कुलपे

जेव्हन्स ज्याला अवघड म्हणाले, त्याच अवघडपणावर आज जगाची गुपिते सांभाळली जातात. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर आणि ॲडलमन या तिघांनी संदेश गुप्त ठेवण्याची एक पद्धत शोधली. शेकडो अंकी दोन मूळ संख्या निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा आणि अवयव मात्र स्वतःजवळ ठेवायचे. गुणाकार हे कुलूप, अवयव ही किल्ली. संगणकांमधील गुप्त संदेशांसाठी या पद्धतीचा फार मोठा वापर झाला आहे.

अशा कुलपाचे दोन अवयव फार जवळजवळ निवडले, तर काय होईल, हे तुम्ही आता सांगू शकाल. २०२२ मध्ये काही प्रिंटर यंत्रांनी तयार केलेली अशीच कुलपे आढळली. त्यांचे अवयव इतके जवळ होते, की जवळजवळ पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या फर्माच्या रीतीने संगणकाने ती चटकन उघडली. संख्या शेकडो अंकी असूनही वर्गांतर उघड्यावर होते.

मात्र फर्माची रीत सगळीकडे चालत नाही. ३,०२७ घ्या. तिचे अवयव ३ आणि १,००९ हे एकमेकांपासून दूर आहेत. त्यांची सरासरी ५०६, आणि आपण सुरुवात करणार ५६ पासून. वर्गांतर सापडण्यास ४५१ प्रयत्न लागतील. साध्या भागाकाराने मात्र ३ लगेच सापडतो. म्हणजे रीत निवडण्यापूर्वी संख्येकडे पाहणे आलेच.

विसाव्या शतकात मॉरिस क्रायचिक यांनी या रीतीत एक सुंदर सुधारणा केली. बाकी स्वतः वर्ग नसेल, तर दोन बाक्यांचा गुणाकार वर्ग येतो काय, ते पाहावे! १,६४९ चे उदाहरण घेऊ.

४१² − १,६४९ = ३२
४२² − १,६४९ = ११५
४३² − १,६४९ = २००

यांत एकही वर्ग नाही. पण ३२ × २०० = ६,४०० = ८०². आता ४१ × ४३ = १,७६३. या १,७६३ च्या वर्गातून ८० चा वर्ग वजा केला, तर येणाऱ्या संख्येला १,६४९ ने पूर्ण भाग जातो. ते वर्गांतर म्हणजे १,८४३ × १,६८३. मग १,६४९ आणि १,६८३ यांचा मसावि काढा, तो १७ येतो. १,६४९ = १७ × ९७. फर्माच्या मूळ रीतीने येथे सतरा प्रयत्न लागले असते. येथे तीन पुरले.

याच कल्पनेवर कार्ल पोमरन्स यांनी १९८१ मध्ये एक प्रभावी रीत रचली. वर उल्लेखिलेल्या तिघांनी १९७७ मध्ये १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून जाहीर केली होती. १९९४ मध्ये पोमरन्स यांच्या रीतीने, अनेक देशांतील संगणक एकत्र कामाला लावून, ती फोडण्यात आली. ६४ अंकी आणि ६५ अंकी असे तिचे अवयव निघाले. त्या प्रचंड आकडेमोडीच्या शेवटी संगणक शोधत होते ते काय? अ² − ब², म्हणजे वर्गांतरच!

करून पाहा

१. अवयव पाडा : ७५क्ष² − ४८
२. अवयव पाडा : क्ष² − य² − ८य − १६
३. अवयव पाडा : क्ष⁴ + क्ष² + १
४. भागाकार न करता ९,९९१ चे अवयव सांगा.
५. फर्माच्या रीतीने ४,०८७ चे अवयव काढा.
६. ४५ ही संख्या दोन पूर्ण संख्यांच्या वर्गांचे अंतर म्हणून किती प्रकारांनी लिहिता येते?
७. १० ही संख्या अशी का लिहिता येत नाही?
८. 'लीलावती'तील कमळ : पाण्याच्या वर अर्धा हात आलेले कमळ वाऱ्याने वाकून दोन हातांवर पाण्यात बुडाले. तर पाण्याची खोली किती?

उत्तरे : (१) ३(५क्ष + ४)(५क्ष − ४). (२) (क्ष + य + ४)(क्ष − य − ४). (३) (क्ष² + १)² − क्ष² असे लिहा. (क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १). (४) १००² − ३² = १०३ × ९७. (५) ६४² − ३² = ६७ × ६१. (६) तीन : २३² − २२², ९² − ६², ७² − २². (७) दोन संख्यांची बेरीज व फरक एक तर दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात. १० चे असे दोन अवयव पडत नाहीत. (८) देठाची लांबी व खोली यांच्या वर्गांतील फरक ४ आणि त्या दोहोंतील फरक अर्धा, म्हणून बेरीज ८. खोली पावणेचार हात.